सासूबाई आणि वीस तोफगोळे

"दोन दिवस मी लिफ्ट इन्स्पेक्टर नाही. फक्त जावई!"

शुक्रवारी संध्याकाळी बॅगा भरताना इन्स्पेक्टरांनी ही घोषणा केली, तेव्हा घरात कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. बायको टॉवेलांच्या घड्या घालत राहिली. कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, लिहून द्या."

"लिहून कशाला? माझा शब्द म्हणजे प्रमाणपत्र!"

"त्याचीच तर भीती वाटते," बायको म्हणाली.

तिची भीती काही उगाच नव्हती. सत्तावीस वर्षं सरकारी नोकरीत या माणसाने लिफ्टशिवाय दुसरं काही धड पाहिलंच नव्हतं. कुठल्याही इमारतीत शिरले की ते आधी लिफ्टमधलं प्रमाणपत्र वाचत, मग ज्याच्याकडे गेले त्याची चौकशी करत. चुलत मेहुण्याच्या लग्नात त्यांनी कार्यालयाची लिफ्ट बंद करवली होती. नवरदेव भर उन्हाळ्यात कोट घालून चार जिने चढला आणि लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो धापा टाकतानाच दिसतो. मुलीच्या जन्माच्या वेळी तर हद्द झाली! बायको तिसऱ्या मजल्यावर कळा देत होती आणि हे तळमजल्यावर दवाखान्याच्या लिफ्टचे दोर तपासत होते. मुलगी झाल्याची बातमी त्यांना लिफ्टमनने दिली, तीसुद्धा जिन्याने धावत येऊन, कारण लिफ्ट तोवर बंद झाली होती.

पण ही सहल वेगळी होती. ही सहल सासूबाईंसाठी होती.

चोपन्न वर्षांपूर्वी सासूबाई आपल्या नवऱ्याबरोबर त्या जुन्या राजधानीच्या शहरात गेल्या होत्या. तिथे राजवाड्याच्या आवारात एक उंच मनोरा आहे. तीनशे अठरा पायऱ्या! सासूबाईंना तेव्हा सहावा महिना होता, म्हणजे इन्स्पेक्टरांची बायको तेव्हा पोटात होती. त्यामुळे सासूबाई खाली बाकावर बसल्या आणि सासरे एकटेच वर गेले. तासाभराने खाली येऊन म्हणाले, "काय सांगू तुला! पश्चिमेला एवढा मोठा तलाव दिसतो, आणि उन्हात असा चमकतो की डोळे दिपतात!"

पुढची बावन्न वर्षं सासऱ्यांनी तो तलाव घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. दर वर्षी त्यात थोडी भर पडत गेली. आधी होड्या आल्या, मग बदकं आली, मग मधोमध एक बेट वर आलं. शेवटच्या आजारपणात तर बेटावर एक पांढरं घरही झालं होतं. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि घरातला तलाव आटला.

"आता सांगायला ते नाहीत," सासूबाई म्हणाल्या होत्या. "म्हणून एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचाय. बाकी मला काही नको."

वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पण मनोऱ्याला आता लिफ्ट होती. म्हणजे अडचण कसलीच नव्हती, फक्त जावई तेवढा लिफ्ट इन्स्पेक्टर होता.

बायकोने आपल्या परीने बंदोबस्त केला. बॅगेतून बॅटरी काढली, मोजपट्टी काढली, मोज्यात लपवलेली छोटी हातोडी काढली. शनिवारी सकाळी मनोऱ्याच्या रांगेत उभं राहिल्यावर तिने नवऱ्याचा वाचायचा चष्माही मागून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"अगं, पण मी वाचणार काय आहे तिथे?"

"तेच तर!"

दीड तास रांग हलत होती. इन्स्पेक्टरांनी खरंच कमाल केली. लिफ्ट खाली येताना दर खेपेला कण्हत होती, तरी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. फक्त दर खेपेला त्यांच्या डाव्या गालाची शीर तेवढी उडत होती. अखेर नंबर आला. आठ जणांची लिफ्ट. सासूबाई, बायको, मुलगी, इन्स्पेक्टर आणि आणखी तिघे आत शिरले, स्टुलावर बसलेला लिफ्टमन धरून आठ. इन्स्पेक्टरांनी वर पाहिलं. वर लिफ्टचं छत आहे हे लक्षात येताच घाईने आपल्या बुटांकडे पाहिलं. बायकोने कौतुकाने त्यांचा दंड दाबला.

आणि तेवढ्यात सासूबाईंना भिंतीवरची चौकट दिसली.

"अय्या, जावईबापू! हे तुमच्याच खात्याचं ना? किती छान फ्रेम केलीय! थांबा हं, वाचते." सासूबाईंना जावयाच्या नोकरीचा फार अभिमान होता. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "सदर लिफ्टची तपासणी करण्यात आली असून... वापरास योग्य... मुदत, बारा तारखेपर्यंत."

दार बंद व्हायला लागलं.

"आई, पुरे," बायको कुजबुजली.

"आज तारीख किती गं?"

"तेवीस!" इन्स्पेक्टर ओरडले आणि त्यांनी दारात पाय घातला. "थांबवा! सगळे बाहेर व्हा!"

लिफ्टमनने शांतपणे वर पाहिलं. "साहेब, मुदत कागदाची संपलीय. लिफ्ट चांगली आहे."

"हे तुम्ही कोण ठरवणार?"

"वीस वर्षं मी हिच्यातच बसतोय. माझी बायको म्हणते, तुम्ही तिच्याशी जास्त बोलता."

"माझ्यासमोर आठ माणसं या लिफ्टमधून वर जाणार नाहीत!" असं म्हणून इन्स्पेक्टरांनी खिशातून औषधांची डबी काढली, तिच्या झाकणाखालून घडी घातलेलं ओळखपत्र काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. बायकोने डोळे मिटले. मुलगी दोन पावलं सरकून शेजारच्या कुटुंबात जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या आजोबांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागली.

इथवर निभावलं असतं. लिफ्ट बंद, लोक चिडले, संपलं. पण लिफ्टमनने व्यवस्थापकांना फोन लावला आणि सांगितलं, "साहेब, खाली तपासणी आलीय." कुठली, कशाची, हे त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

व्यवस्थापक नुकते बदलून आलेले गृहस्थ होते. तपासणी हा शब्द कानावर पडताच ते खुर्चीतून उठले. वाटेत जे दिसेल ते बंद करत ते धावत सुटले. आधी तिकीट खिडकी बंद केली. मग संग्रहालय. मग बाग, स्वच्छतागृह, पाणी प्यायचे नळ, सगळं! ज्यात चूक सापडू शकते ते उघडं ठेवायचंच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. लिफ्टपाशी पोचेपर्यंत त्यांनी राजवाड्याचं एवढं मोठं आवार पाच मिनिटांत कुलुपात टाकलं होतं.

"सर, सगळं बंद केलंय! आता काहीही तपासा!" ते धापा टाकत म्हणाले.

"अहो, मी फक्त लिफ्टबद्दल बोललो! नळ कशाला बंद केलेत?"

"उघडू?"

"उघडा की!"

"तसं लेखी द्या, सर."

"कसलं लेखी? पाण्याच्या नळाशी माझा काय संबंध?"

"मग बंदच राहू दे. संबंध नसलेल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावरून मी उघडू शकत नाही, सर. मला पोरंबाळं आहेत."

आवारात तीनेकशे माणसं होती. ती सगळी आता लिफ्टसमोर जमली. कुणाला तहान लागली होती, कुणाला दुसरं काही. "कुणी बंद केलं?" असा गलका झाला आणि व्यवस्थापकांनी आदराने, दोन्ही हात पुढे करून, इन्स्पेक्टरांकडे दाखवलं. स्वच्छतागृहाच्या दारातून परत आलेला एक पैलवानासारखा गृहस्थ इन्स्पेक्टरांच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला वेळ फार कमी आहे हे कळत होतं. इन्स्पेक्टरांनी मुकाट्याने कागद मागितला. मग बायकोकडे चष्मा मागितला. बायकोने चेन उघडली, चष्मा दिला आणि एक शब्दही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ती न बोलण्याचे तीन प्रसंग आले होते, आणि तिन्ही वेळा मागे लिफ्ट होती.

स्वच्छतागृह उघडण्यास हरकत नाही. नळ उघडण्यास हरकत नाही. बाग उघडण्यास हरकत नाही. इन्स्पेक्टर लिहीत गेले, व्यवस्थापक शिक्के मारत गेले. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत सुरू झालं, एक लिफ्ट सोडून.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, मान वर मनोऱ्याकडे. इन्स्पेक्टर जवळ गेले.

"आई, नियम आहे हो. काही झालं असतं तर..."

"बरोबरच आहे तुमचं," सासूबाई म्हणाल्या. "मला बाकाची सवय आहे. तेव्हाही इथंच बसले होते. फक्त तेव्हा वरून येऊन सांगणारं कुणीतरी होतं."

त्या रागाने बोलल्या असत्या तर इन्स्पेक्टरांनी निभावून नेलं असतं. पण त्या अगदी समजुतीने बोलल्या, आणि इन्स्पेक्टरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते तडक व्यवस्थापकांकडे गेले.

"इथल्या लिफ्ट इन्स्पेक्टरला बोलवा. आत्ता!"

"ते रजेवर आहेत, सर."

"नंबर द्या!"

फोन बराच वेळ वाजला. मग पलीकडून वैतागलेला आवाज आला, "मी सुट्टीवर आहे. सहकुटुंब फिरायला आलोय. नंतर फोन करा."

"तुमच्या मनोऱ्याच्या लिफ्टची मुदत संपून अकरा दिवस झालेत, आणि तुम्ही फिरताय?"

"आपण कोण बोलताय?"

इन्स्पेक्टरांनी आपला हुद्दा सांगितला. आपल्या शहराचं नाव सांगितलं.

"म्हणजे तुमच्या शहरातल्या संग्रहालयाच्या लिफ्टवर सही आहे ते तुम्हीच?" आवाजाने हळूच विचारलं.

"हो. का?"

"तिची मुदत संपून एकोणीस दिवस झालेत. मी तुमच्याच शहरात फिरायला आलोय आणि आत्ताच ती बंद करवलीय. खाली दोनशे माणसं उभी आहेत, आणि..." त्याच्या मागून एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "सांगितलं होतं ना, ओळखपत्र घरी ठेवा म्हणून!"

एकोणीस दिवस! इन्स्पेक्टरांना आठवलं, ती फाइल टेबलाच्या डाव्या खणात होती. सहलीहून आल्यावर पहिलं तेच काम करायचं त्यांनी ठरवलं होतं.

"कामाचा फार ताण असतो हो," पलीकडचा म्हणाला.

"असतोच. माणसं अपुरी."

"माणसं अपुरीच."

"मी काय म्हणतो, तुमच्या वतीने मी इथली तपासणी करतो. माझ्या वतीने तुम्ही तिथली करा. सोमवारी पत्रांची देवाणघेवाण करू."

"नियमात बसतं?"

"बसवू!"

दोन प्रामाणिक अधिकाऱ्यांचं काम दोन मिनिटांत झालं. पण प्रामाणिकपणा इन्स्पेक्टरांना सहजी सोडत नव्हता. सही करायची तर चाचणी हवी, आणि चाचणी म्हणजे पूर्ण वजनाची. लिफ्टमध्ये पाचशे चव्वेचाळीस किलो भरून ती वर नेऊन थांबवायची. वजनं आणायची कुठून?

"संग्रहालयात तोफगोळे आहेत," लिफ्टमन म्हणाला. "वीस. प्रत्येकी अठरा किलो. पाटीवर लिहिलंय."

"ऐतिहासिक ठेवा आहे तो!" व्यवस्थापक किंचाळले. "लेखी द्या!"

इन्स्पेक्टरांनी लेखी दिलं. ज्या गोळ्यांनी कधीकाळी या राजवाड्याच्या भिंती हादरवल्या होत्या, ते आता एकेक करून, पावती घेऊन, लिफ्टमध्ये मांडले गेले. मघाच्या पैलवानाचं एव्हाना मन हलकं झालं होतं. त्याने एकट्याने चौदा गोळे उचलले. इन्स्पेक्टर बेरीज करू लागले. गोळे तीनशे साठ. ते स्वतः शहात्तर. लिफ्टमन पन्नास, तोही बुटांसकट.

"अठ्ठावन्न किलो कमी पडतायत," ते म्हणाले आणि गर्दीकडे वळले. "कुणाकडे काही अठ्ठावन्न किलोचं आहे?"

बाकावरून सासूबाई उठल्या.

"मी आहे."

"आई, चाचणीच्या वेळी लिफ्टमध्ये जनतेला परवानगी नाही."

"मी कुठे जनता आहे? मी वजन आहे," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातच डॉक्टरांनी केलंय. अठ्ठावन्न. कागद आहे पर्समध्ये, तारीखही ताजी आहे, बघा!"

इन्स्पेक्टरांनी कागद पाहिला. तारीख खरोखर ताजी होती. त्यांनी अहवालात लिहिलं: तोफगोळे, नग वीस. इतर वजन, नग एक. आणि सासूबाई तोफगोळ्यांच्या मधोमध, लिफ्टमनच्या स्टुलावर, महाराणीसारख्या विराजमान झाल्या.

लिफ्ट कण्हत निघाली. अर्ध्यावर इन्स्पेक्टरांनी ती ठरल्याप्रमाणे थांबवली आणि धोक्याची घंटा वाजवून पाहिली. घंटा इतकी खणखणीत वाजली की खाली तीनशे माणसं किंचाळत बागेत पळाली आणि व्यवस्थापक तिकीट खिडकीच्या आत शिरून खाली बसले. बायको तेवढी जागची हलली नाही. तिला घंटेचा आवाज आणि नवऱ्याचा स्वभाव दोन्ही ठाऊक होते.

"घाबरू नका, आई," इन्स्पेक्टर समजावत होते. "आता हा दोर तुटला, तर खालचा ब्रेक लागतो. ब्रेक नाही लागला, तर खाली स्प्रिंग असते. स्प्रिंग गंजलेली असली तर मात्र..."

"वर चला," सासूबाई म्हणाल्या.

दार उघडलं आणि भणाणता वारा आत आला. इन्स्पेक्टरांनी सासूबाईंना हात धरून सज्जाच्या पश्चिमेच्या कठड्यापाशी नेलं. खाली सगळं शहर पसरलं होतं. कौलं होती, गच्च्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी होत्या, नदीची एक वळणदार रेघ होती. त्यापलीकडे घरं. घरांपलीकडे कारखाने. कारखान्यांपलीकडे कोरडी टेकडी.

तलाव नव्हता.

सासूबाई डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"जावईबापू, माझी नजर अधू झालीय. तुम्हाला दिसतोय का कुठे?"

लिफ्टमन मागून म्हणाला, "कसला तलाव? वीस वर्षं मी इथे..." आणि इन्स्पेक्टरांनी सगळा भार देऊन त्याच्या पायावर पाय ठेवला.

सत्तावीस वर्षांत या माणसाने न पाहिलेलं पाहिलं म्हणून कधी लिहिलं नव्हतं. पण म्हातारीचा हात त्यांच्या हातात होता, आणि इन्स्पेक्टरांना भडभडून आलं. दूर एका कारखान्याचं लांबलचक पत्र्याचं छप्पर उन्हात झळकत होतं. त्यांनी बोट केलं.

"तो काय, आई! तिकडे, टेकडीच्या अलीकडे. केवढा चमकतोय बघा!"

"बेट?"

छपरावर एक पाण्याची टाकी होती. "बेटही आहे. मधोमध."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं, की इन्स्पेक्टरांना सगळ्या दिवसाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, कठड्यावर कागद टेकवला आणि ऐटीत सही ठोकली. लिफ्ट वापरास योग्य!

"चला, आई. खाली सगळे वाट बघतायत."

सासूबाई लिफ्टच्या दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. एकदा त्यांनी आतल्या वीस तोफगोळ्यांकडे पाहिलं, एकदा जावयाच्या हातातल्या ओल्या सहीकडे.

"तो पत्रा होता ना?"

इन्स्पेक्टर सहीवर फुंकर घालू लागले.

"अहो, पन्नास वर्षं संसार केलाय मी असल्या तलावावर. मला कळत नाही होय? हेही अस्संच सांगायचे, तोंडावरची रेघ हलायची नाही. फार बरं वाटलं हो, अगदी त्यांचीच आठवण झाली." त्यांनी मायेने जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. "पण नसलेला तलाव बेटासकट दाखवणाऱ्या माणसाच्या सहीवर मी काही त्या लिफ्टमध्ये बसायची नाही. जिना कुठेय?"

इन्स्पेक्टरांनी परोपरीने समजावलं. दोर चांगला आहे, ब्रेक चांगला आहे, स्प्रिंगचं आपण उगाच बोललो. सासूबाई ऐकेनात. लिफ्टमन तोफगोळे घेऊन एकटाच आरामात खाली गेला आणि त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं की लिफ्ट पास झालीय. त्यावर सगळ्यांनी विचारलं, मग इन्स्पेक्टर कुठे आहेत?

इन्स्पेक्टर जिन्यात होते. दोनशे साठाव्या पायरीवर, सासूबाईंना पाठुंगळी घेऊन.